सभामंडपातली शाळा

महानंदाबाईंनी फळ्याची एक बाजू धरली, दुसरी चौथीच्या पोरांनी, आणि तो आडवा करून दारातून बाहेर काढला. चौकटीला घासून पोपडा पडला, पोरं हसली.

"हसा. पाडायचीच आहे आता ती," बाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या.

शाळेच्या दोन्ही खोल्या धोकादायक ठरल्या होत्या. नव्या मंजूर झाल्या होत्या, पण त्या उभ्या राहीपर्यंत, म्हणजे निदान दिवाळीपर्यंत, शाळा दुसरीकडं भरवायची होती. सरपंच अमरसिंहांनी ग्रामसभेत मारुतीच्या देवळाचा सभामंडप देऊ केला. गुळगुळीत फरशी, पंखे, बाजूलाच नळ. कुणी हरकत घेतली नाही. तरीही बाई दुसरीतल्या आफरीनच्या वडिलांना, कलीमभाईंना, मुद्दाम विचारून आल्या होत्या.

"पोरगी शाळेत जाणार बाई, शाळा कुठं का भरंना," असं ते म्हणाले, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला होता.

फळा झाडाला टेकवून त्या हात झटकत होत्या, तेवढ्यात दगडाबाई आल्या. तिसरीतल्या अर्पिताची आजी. अर्पिता एकदा वाचायला लागली की तिला थांबवावं लागे, इतकी वाचनाची गोडी.

"उद्यापसून अर्पी यायची न्हाय, बाई. दिवाळीपतूर तामलवाडीला ऱ्हाईल, मावशीकडं. तितल्या शाळंत बसंल."

"का हो आजी? काही झालं का?"

"काय व्हायचंय?" दगडाबाईंनी पदर सारखा केला आणि आल्या पावली परत गेल्या.

दिवस कलताना बाई त्यांच्या घरी गेल्या. दगडाबाई अंगणात उडीद पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला नाही.

"कुणी काही बोललं का देवळावरून?"

"न्हाय वो. आता कोण बोलतंय? माझ्या लेकानं वर्गणी दिलीय त्या फरशीला. आमी जातो, नारळ फोडतो."

"मग?"

सूप आणखी दोनदा वर गेलं. मग दगडाबाईंनी ते मांडीवर ठेवलं.

"आमच्या लहानपणी शाळा तितंच भरायची. हिकडच्या आळीतली आमी पोरं पायऱ्यांखाली बसायचो. मास्तर भला माणूस. वरून मोठ्यानं सांगायचा, आमाला ऐकू यावं म्हणून. पर पाऊस आला की वरची पोरं आत सरकायची आन् आमची सुट्टी." त्यांनी उडदातला एक खडा वेचून दूर फेकला. "आमाला त्याचा आनंदच व्हायचा, बाई. सुट्टी मिळाली म्हणून. आयनं शाळंतनं नाव काढलं तवाबी मी उड्याच मारल्या."

बाई तिथंच अंगणात टेकल्या.

"कुणाला दोष द्यायचा न्हाय मला. पर ती पायरी चढून पोरगी दप्तर घिऊन जाणार, ते रोज दारातनं दिसणार. कसंतरीच व्हतं."

परतताना बाईंचे पाय देवळाशी थांबले. पायऱ्या आता नव्या दगडाच्या होत्या. डी.एड.च्या परीक्षेत त्यांनी सार्वजनिक शिक्षणावर पानंच्या पानं लिहिली होती. 'सर्वांसाठी' या शब्दाखाली पट्टी धरून रेघ ओढली होती. कलीमभाईंना विचारावं हे त्यांना सुचलं होतं. या आळीत काही विचारण्यासारखं आहे, हे मात्र मनातसुद्धा आलं नव्हतं.

अमरसिंह ओट्यावर चहा घेत होते. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, आता कोण अडवतंय त्यांना? उलट माणसं म्हणतील, सरपंचानं दिलेली जागा नको झाली."

"अडवत कुणी नाही, दादा. पण शाळेला एक पोरगी कमी पडतीय."

कोपऱ्यात बाजेवर अमरसिंहांचे वडील, महारुद्र आप्पा, पडून होते. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालत. ते उठून बसले.

"कोण, दगडी?"

"व्हय आप्पा. दगडाबाई," अमरसिंह म्हणाले.

"आमच्या येळंला पायऱ्यांखाली बसायची ती," आप्पा पुटपुटले. मग लेकाला म्हणाले,

"शेडातला ट्रॅक्टर भाईर काढ. हितं भरू दे शाळा."

ट्रॅक्टर निघाला. पोरांनी शेड झाडून काढलं, तेलाच्या डागांवर माती टाकली. सकाळी बाईंनी बसायच्या पट्ट्या अंथरल्या. पत्रा ठेंगणा होता, वारं कुठूनच येत नव्हतं. प्रार्थना संपायच्या आत पोरांची कपाळं निथळायला लागली. पण अर्पिता आली होती, वेण्या घालून, आणि तिचा हात धरून आजीही आली होती. बाईंनी निरोप पाठवला होता तो एवढाच, की शाळा शेडात भरतीय.

दगडाबाईंनी वर पत्र्याकडं पाहिलं, मग पोरांकडं.

"हितं कशाला आणलीत ही लेकरं?"

"आजी, तुम्हीच तर..."

"म्या माझ्या पोरीपुरतं बोलले, बाई. तुमी आख्खी शाळाच उचलली व्हय?" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या हसत राहिल्या. डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "सरपंचानं ट्रॅक्टर काढला? माझ्यासाठी?"

"आप्पांनी काढायला लावला."

हसू हळूहळू ओसरलं. मग वाकून त्यांनी कडेची पट्टी गुंडाळायला घेतली.

"चला. देवळात पंखे हायती."

"आजी, इथंही चालेल. आपण पंखा बसवून घेऊ."

"चला म्हणते न्हवं? अर्पे, दप्तर घे."

गल्लीतून वरात निघाली. पुढं पट्टी काखेत धरलेल्या दगडाबाई, मागं फळा, मागं सगळी पोरं. कलीमभाई दुकानातून उठून आले आणि फळ्याला एका बाजूनं खांदा दिला. कुणाच्या तरी दारातून आवाज आला, "आता कुठं निघाली शाळा?" पोरं एकदम ओरडली, "पंख्याखाली!"

पायऱ्यांशी दगडाबाई थांबल्या. बाईही मागं थांबल्या. पोरांना त्यांनी हातानंच थोपवलं. मग दगडाबाईंनी लुगड्याचा काठ किंचित उचलला आणि त्या वर गेल्या.

मंडपात महारुद्र आप्पा रोजच्यासारखे खांबाला टेकून, पाय पसरून बसले होते. दगडाबाईंनी पट्टी अंथरली, टोकं ओढून सरळ केली आणि अर्पिताला मधोमध बसवलं. कंबरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या. निघायचं का थांबायचं, ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

आप्पांनी पाय आवरून घेतले आणि खांब सोडून बाजूला सरकले.

दगडाबाई खांबाला पाठ टेकून बसल्या.

"तुमी शिकवा, बाई," त्या म्हणाल्या. "आमी गडबड करत न्हाय."

महानंदाबाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर तारीख घातली.