पाण्यापासून जपायची अंगठी

थोरली कारखान्यात खोटे खडे चिकटवायची. चिमट्याने तांबडी काच उचलायची, गोंदाच्या थेंबावर ठेवायची, पुढची उचलायची. आई जाऊन तीन आठवडे झाले, तरी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "हिचं काळीजही काचेचंच," मामी म्हणाली, तर त्यावरही ती नुसतं "हं" म्हणाली.

रविवारी धाकटी आली. कडेवर बाळ, बोटात आईची माणकाची अंगठी. आईने जाताना तिलाच दिलेली.

"ताई, तू यातली जाणकार. अस्सल माणिक जपायचं कसं गं?"

थोरलीने अंगठी हातात घेतली. दोन वर्षांपूर्वी खडा हलतोय म्हणून आईने ती तिच्याकडे दिली होती. जेवणाच्या सुट्टीत ती पकड घट्ट करायला बसली आणि माणिक टुणकन उडून तांबड्या काचांच्या ताटात पडलं. तेवढ्यात मालकाची हाक आली. परत येईतो शेजारी बसणारीने हातासरशी सगळं ताट हारांवर चिकटवून टाकलं होतं. मदत म्हणून. थोरलीने एकेका खड्यावर तोंडाची वाफ सोडली. खऱ्यावरची वाफ लगेच उडते, काचेवरची रेंगाळते. दीडशेक खडे तपासून झाले आणि हार खोक्यांत गेले. आईचं माणिक कुणाच्या गळ्यात आहे, देव जाणे. तिने त्याच मापाची काच बसवली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

"पाण्यात घालू नकोस," ती आता म्हणाली. काचेमागचा चंदेरी मुलामा पाण्याने काळा पडतो, एवढं मात्र बोलली नाही.

"माहितेय. आईसुद्धा भांडी घासताना काढून ठेवायची."

"आई? तिने जन्मभर अंगठीसकट भांडी घासली."

"ते आधी. मागची दोन वर्षं नाही. मी म्हटलं, म्हातारपणी काय हे नखरे? तर म्हणे, असू दे, हिला आता पाणी सोसत नाही."

थोरली अंगठीकडे बघत राहिली. बाळ तिच्या बोटाशी झोंबत होतं.

"तिला कळलं होतं तर."

"काय?"

"ही काच आहे. माणिक माझ्या हातून गेलं. ही मी बसवली."

धाकटीने बाळाचा हात बाजूला घेतला. मग म्हणाली, "आणि मी सासरी सगळ्यांना दाखवत सुटलेय." तिने हात पुढे केला. "दे इकडे."

अंगठी बोटात घालून, बाळाला थोरलीच्या मांडीवर टाकून, ती बाळाची वाटी धुवायला उठली. नळाशी जाऊन थांबली. अंगठी काढून फळीवर ठेवली. मग नळ सोडला.