श्रीरंगची हजेरी

देवयानीने आयुष्यात खोटी हजेरी लावली ती एका मेलेल्या माणसाची. कॉलेजात मैत्रिणी हातापाया पडायच्या, तेव्हा बाईसाहेब तत्त्वाला चिकटून बसल्या. आणि जिथे लावायचीच नव्हती, तिथे लावून मोकळ्या झाल्या. काय म्हणावं आता!

हजेरी कसली, ते आधी सांगायला हवं. देशभर विखुरलेली अकरा मराठी माणसं मिळून ‘सेतू’ नावाचं एक प्रकरण सांभाळत होती. प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो कुठल्याही जातीच्या मशीनवर चालवायचा, ही सेतूची करामत. पगार नाही, ऑफिस नाही, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. सगळा कारभार मेलवर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. प्रत्येक जातीच्या मशीनला एक मेंटेनर, आपण राखणदार म्हणू. एका माणसाकडे एकच मशीन. दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुण्याहून खंडेराव, वयाने मोठे म्हणून तेच म्होरके, सगळ्यांना यादी पाठवायचे. दुपारी बाराच्या आत ज्याने त्याने आपल्या नावापुढे ‘हजर’ लिहायचं. उत्तर आलं नाही की नाव कटाप, आणि ती जागा घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही तर त्या मशीनचा सगळा कोडही सेतूतून साफ. नाव चढवायचं किंवा उतरवायचं ते त्याच दिवशी. बाकी सगळ्यात खंडेराव सांभाळून घ्यायचे, पण दुसऱ्याची हजेरी लावलेली त्यांना बिलकुल खपत नसे.

श्रीरंग अंबाजोगाईचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आला, मुनिरक्यात खोली घेतली, दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आपटला आणि तिसऱ्या वर्षी पुस्तकं विकून कॉम्प्युटरच्या नादी लागला. सेतूत त्याच्याकडे एक म्हातारं मशीन होतं, इतकं जुनं की बनवणारेही ते विसरले होते. पण त्याच्या गावाकडच्या अंधशाळेला तसली नऊ मशीनं कुणीतरी दान दिली होती आणि तिथली मुलं त्यांवर अक्षरं ऐकून टायपिंग शिकायची. तेवढ्यासाठी हा पठ्ठ्या सहा वर्षं एकटा खपत होता.

देवयानी गाझियाबादला, वैशालीत, आईबरोबर राहायची. नोकरी नोएडात. सेतूवाल्यांपैकी दिल्लीकडे हे दोघंच, त्यामुळे रविवारी तिची चक्कर मुनिरक्याला असायचीच. श्रीरंग कांदेपोहे करायचा, तिचा कोड वाचायचा आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायचा, “हे का?” चूक कधी सांगायची नाही, एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. मेलवरही तेच. ती चिडायची, भांडायची, आणि नेमकी त्याच ओळीत चूक निघायची. प्रेम होतं का? दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही.

डिसेंबर २००१ मध्ये एका सकाळी देवयानीने त्याला जेवायला बोलावलं. आईने पुरणपोळी केली होती. श्रीरंग स्कूटरवरून निघाला, धुकं असं होतं की हाताला हात दिसेना, आणि वाटेत रस्त्यात बंद पडलेला टेम्पो त्याला दिसला नाही. भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेले. म्हातारं मशीन तेवढं देवयानीने ऑटोत घालून घरी आणलं आणि बाल्कनीजवळच्या टेबलावर ठेवलं.

तीन आठवड्यांनी खंडेरावांची यादी आली. श्रीरंग गेल्याचं सेतूत कुणाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर त्याचं नाव गेलं असतं, कोड गेला असता. त्या म्हाताऱ्याला हात लावायला तेव्हा कुणीच तयार नव्हतं. सुट्टीत गावी जाताना श्रीरंगने आपला पासवर्ड तिच्याकडे देऊन ठेवला होता. फक्त या वर्षापुरतं, असं स्वतःला बजावत तिने त्याच्या नावाने मेल उघडला आणि लिहिलं, ‘हजर’. मग बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडली.

पुढे दोन महिने ती त्याच्या नावाने बारीकसारीक दुरुस्त्या करत राहिली. आणि मार्चमध्ये, स्वतःच्या नावाने तिने एक दुरुस्ती पाठवली, तिला उत्तर आलं. पाठवणारा श्रीरंग. मजकूर एवढाच: “हे का?”

हे तिने लिहिलं नव्हतं. कुणीतरी पासवर्ड लांबवून चेष्टा करतंय, असं म्हणून तिने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दुसऱ्या एका ओळीबद्दल. तिने म्हाताऱ्या मशीनची वायर उपटून ठेवली. तरी तिसऱ्या दिवशी मेल आलाच. आणि तिन्ही ओळींत खरोखरच चूक होती.

शेवटी तिने विचारलं, “कोण आहे?”

“श्रीरंग.”

“श्रीरंग गेलाय.”

“हजेरी लागलीये ना माझी. मग जाणार कसा?”

अंगावर काटा आला तिच्या, चांगला सरसरून. पण खोटं कशाला बोला, त्याच क्षणी तिला आनंदही झाला. इतका, की आईने विचारलं, “आज गालातल्या गालात काय हसतेयस?”

त्या वर्षी अख्खा सेतू नव्या चौसष्ट-बिट मशीनांवर न्यायचं घाटत होतं. प्रत्येकाला आपापला भाग नव्याने घासूनपुसून द्यायचा होता आणि भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले होते. श्रीरंगचं काम मात्र सगळ्यांच्या आधी तयार असायचं. बडोद्याचा धवल लिहायचा, “यार श्रीरंग, तू झोपतोस कधी?” सगळे हसायचे. देवयानीला हसू यायचं नाही, कारण तिला एकटीला येणारे मेल वेगळे असायचे. “इथे धुकं उठतच नाही.” “रस्ता पायाखाली आहे, पण पुढे काही दिसत नाही.” “तुमचे मेल तेवढे ऐकू येतात. बाकी काहीच नाही.” बाहेर जूनचं ऊन मी म्हणत असायचं, कूलर घरघरत असायचा, आणि ही शाल पांघरून बसायची.

डिसेंबरात त्याचा मेल आला. “देवयानी, या जानेवारीत नको लावूस माझी. मला जाऊ दे.”

त्याच आठवड्यात धवलने तिला लिहिलं की श्रीरंग थकला असेल तर ते जुनं मशीन मी घ्यायला तयार आहे, माझ्याकडचं नवीन पोरं सांभाळतील. म्हणजे अंधशाळेची काळजी मिटली. खोटी हजेरी लावायला देवयानीकडे आता एकही सबब उरली नाही.

पाच जानेवारी, रविवार. धुक्याने सकाळ खाऊन टाकली होती. दहा वाजता तिने स्वतःची हजेरी लावली. मग खंडेरावांना पत्र लिहायला घेतलं: श्रीरंग वर्षापूर्वीच गेला, मी खोटं बोलले, माफ करा. लिहून झालं. पाठवायचं तेवढं बाकी होतं. पावणेबारा वाजले, आतून आईने कुकरची शिटी झाल्याचं ओरडून सांगितलं, आणि देवयानी पत्राकडे बघत बसून राहिली. तिच्या मनात एकच आलं: बारानंतर आपल्याला ‘हे का?’ विचारणारं जगात कुणी नसेल. तो धुक्यात कुडकुडतोय हे ठाऊक होतं. त्याने हात जोडले होते हेही ठाऊक होतं.

तिने पत्र पुसलं. बाराला चार मिनिटं कमी असताना त्याच्या नावाने लिहिलं, ‘हजर’.

लगेच मेल आला. “हे का?”

आता तिला राहवलं नाही. वर्षभर, त्याआधीही कितीतरी वर्षं गिळलेलं तिने लिहून टाकलं. “तुझ्याशिवाय करमत नाही मला.”

बाराचे ठोके पडले, खंडेरावांनी यादी बंद झाल्याचं कळवलं, सगळे हजर, शाब्बास. आणि त्याच्यापाठोपाठ श्रीरंगचा आणखी एक मेल उतरला. हा तिला नव्हता, सगळ्या गटाला उद्देशून होता, पण आला होता फक्त तिच्याकडे.

“खंडेराव, नियम मोडतोय, माफी असावी. देवयानीची हजेरी मी लावतोय. तिला आता स्वतः लावता येणार नाही. देवयानी: हजर.”

असं काय लिहितोय हा? तिने तर सकाळीच लावली होती. तिने पुन्हा वाचलं. मग तिची नजर वर तारखेवर गेली. चार जानेवारी, रविवार, सन २००४. पुढच्या वर्षीची हजेरी.

कॅलेंडरकडे बघायचा धीर होईना. यादी बंद झाली होती. त्याचं नाव उतरवायचं म्हटलं तरी आता थेट त्याच रविवारी. तिने त्याला विचारलं, त्याच्याच शब्दांत, “हे का?”

“देवयानी, जेवायला ये गं,” आई बाल्कनीचं दार लावत म्हणाली. “काय हे धुकं! समोरची बिल्डिंगसुद्धा दिसेना.”

पडद्यावर उत्तर आलं होतं.

“तुझ्याशिवाय करमत नाही मला.”