पंपाच्या खोलीत कुणी नाही

बाहेर कुलूप अडकवल्याचा आवाज आला आणि बंडप्पानं तिसरी घागर नरसाळ्यावर कलती केली.

"किल्ली तुमच्याच खिशात ठेवा, आण्णासाहेब," दाराबाहेर कंपनीचा इंजिनिअर सरपंचांना मोठ्यानं सांगत होता. "आता आत कुणी नाही. टाकी रिकामी झाली की यंत्राला समजेल आणि ते आपल्या मनानं पंप सुरू करील. माणूस लागणारच नाही. हे यंत्र स्वतः विचार करतं!"

टाळ्या पडल्या. बंडप्पाची नजर मात्र नरसाळ्यातल्या बुडबुड्यांवर होती. बुडबुडे थांबले म्हणजे पंप पाण्यानं भरला. पण विहिरीत सोडलेल्या नळाच्या तळाची झडप गळत होती. पाव तासात सगळं पाणी परत खाली उतरायचं, आणि मग मोटर कितीही फिरली तरी पंप नुसती हवा घुसळत बसायचा. मोटर नेमकी कधी सुरू होईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो थोडं थोडं ओततच राहिला.

परंड्याहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावाला तो अकरा वर्षं पाणी पाजत होता. त्याआधी बार्शीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर होता. गावात वीज आली, पंपाचं इंजिन जाऊन मोटर आली. आता बासष्ट सालच्या चैत्रात हे आलं होतं : टाकीत तरंगणारा पितळी गोळा, तिथून पंपापर्यंत ओढलेली तार आणि भिंतीवर एक काळी पेटी. गोळा खाली गेला की पेटीत खटका पडायचा आणि मोटर सुरू. गोळा वर आला की बंद.

आठ दिवसांपूर्वी चावडीपुढं इंजिनिअरनं ते उलगडून दाखवलं, तेव्हा बंडप्पा म्हणाला होता, "सायब, गोळा वर-खाली हुतो, एवढंच की. आमच्या म्हशीच्या पाण्याच्या हौदात फळकुट तरंगतंय. त्यालाबी इचार येतो म्हणायचं का?"

लोक हसले होते. इंजिनिअरही हसला, पण जरा उशिरा.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी चाचणी घेतली, तर मोटर फिरली आणि टाकीत थेंब पडला नाही. मग ग्रामसेवक अंबादास बंडप्पाच्या घरी आला. अंबादासचा बाप बंडप्पाबरोबर जिनिंगमध्ये होता. बाप गेल्यावर पोरगा मॅट्रिकपर्यंत याच घरात, बंडप्पाची बायको सिद्धम्मा हिच्या हातच्या भाकरीवर वाढला होता. त्यामुळे तो नेहमीसारखा सरळ चुलीपाशी जाऊन बसला.

"मामा, फकस्त उद्याचा दिवस. झडप पुण्याहून यायलीय, आठ दिवसांत बसंल. पर उद्या तालुक्याची माणसं यायचीत. पाणी चढलं न्हाय तर गावाची शोभा व्हईल."

"म्हंजे म्या आत लपून बसू? चोरावानी?"

"लपून कशापायी? तुमचीच खोली हाय ती."

"आन् मिशन आपल्या मनानं चालती म्हणल्यावर माझं काय?"

"तुमाला काढून हे एक दिस तरी चालंल का, मामा? माझी जबान हाय."

सिद्धम्मानं त्याच्या ताटलीत आणखी एक भाकरी टाकली. बोलणं तिथंच संपलं.

आता खोलीत काळ्या पेटीत खटका पडला. मोटर घरघरली, पंपाचा आवाज आधी पोकळ आणि मग जड झाला. बंडप्पानं नळाला तळहात लावला. पाणी चढत होतं. त्यानं नरसाळ्याखालची तोटी बंद केली. बाहेर गलका उठला. टाकीत धार पडली असावी.

तो मागच्या खिडकीतून विहिरीच्या पायऱ्यांवर उतरला आणि वळसा घालून गर्दीत येऊन उभा राहिला. आण्णासाहेबांनी त्याला पाहिलं.

"काय बंडप्पा? अकरा वर्सं तू पंप चालीवला. आता चारचौघांत सांग. आज हात लावलास का?"

सगळे वळून पाहू लागले. अंबादास त्याच्याकडे बघत होता. लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी बघायचा, तसाच.

"न्हाय जी," बंडप्पा म्हणाला.

झडप आली नाही, बंडप्पाच रोज पंप भरत राहिला. बारा दिवसांनी ग्रामपंचायतीचा ठराव झाला. तो अंबादासनंच वाचून दाखवला. यंत्र माणसाच्या मदतीशिवाय चालतं हे खुद्द पंपचालकानं सर्वांसमक्ष मान्य केलं आहे, सबब पंपचालकाची जागा एक तारखेपासून रद्द.

बंडप्पानं त्याला चावडीच्या पायरीवर गाठलं. "अंबादास, हे काय वाचलंस?"

"मामा, पंपाला माणूस लागत न्हाय, या अटीवरच यंत्र मंजूर झालंय. पैल्यापासनंच ठरलं हुतं ते."

"पैल्यापासनं? म्हंजे माझ्या घरी भाकरी खाताना?"

अंबादास कागदाची घडी घालत म्हणाला, "तुमीच तर म्हणलाव, हात लावला न्हाय."

एक तारखेला नळ कोरडे राहिले. मोटर दिवसभर फिरत होती. घरात बसून बंडप्पाला तो पोकळ आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास आला. या वेळी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"झडप अजून न्हाय आली. चला, मामा. कायमचाच मार्ग काढलाय. शाळेच्या बागेचा माळी म्हणून तुमचं नाव लावू. हितं सही करा."

"शाळंला बाग हाय?"

"कागदावर पाहिजे. बुधवारी करमाळ्याकडची माणसं यंत्र बघायला यायलीत. तुमी मागनं, पायऱ्यांनी यायचं. दारानं नको."

आतून सिद्धम्मा म्हणाली, "त्याला म्हणावं, भाकर खाऊन जा." ती खरंच बोलली की टोमणा मारला, ते अंबादासला कळलं नाही. बंडप्पाला कळलं.

"बायामाणसं खोळंबल्यात, म्हणून येतो," तो उठत म्हणाला. "एक डाव तुझ्यासाठी खोटं बोललो. आता लिहून न्हाय देणार. झडप येईस्तवर पाणी भरून दीन. माळी-बिळी काय लिहू नगंस."

"मग पगार कसा काढू, मामा?"

बंडप्पानं पायात वहाणा सरकवल्या.

विहिरीत पाणी बरंच खाली गेलं होतं. आठ पायऱ्या उतराव्या लागल्या, तीनदा. नरसाळ्यातले बुडबुडे थांबले, थांबवलेली मोटर त्यानं पुन्हा सुरू केली, नळ तळहाताखाली जड झाला. तो पायऱ्यांनी वर आला आणि तसाच घरी गेला. आजवर घरचं पाणी तो पंपावरूनच न्यायचा. आज त्यानं घागर घेतली आणि नळापुढच्या रांगेत जाऊन शेवटी उभा राहिला.

पुढच्या द्वारकाबाईंनी वळून पाहिलं. "अगंबाई, मामा! तुमी रांगंत? आन् हे काय, पाणी यायच्या आधीच भिजलाव व्हय?"

टाकीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला. बायका घागरी सरसावून पुढं सरकल्या. बंडप्पानंही आपली घागर उचलून एक पाऊल पुढं ठेवली.