बाईंचे गुडघे

चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या उचलून अडगळीच्या खोलीत टाकल्या. "शिक्षक बसला की वर्ग पेंगतो," असं त्यांचं ठाम मत. पालक खूश झाले. शिक्षकांच्या खोलीत धुसफूस झाली, तिला साहेबांनी आळस ठरवलं आणि विषय मिटला.

जीवशास्त्राच्या बाई रोज सहा तास उभ्या असायच्या. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळा तळाला. आधी गुडघे नुसते कुरकुरायचे. मग बाई कठडा धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत उतरू लागल्या. एकदा शिकवता शिकवता त्या पहिल्या बाकाच्या कडेला टेकल्या, आणि नेमके मुख्याध्यापक दारात! मधल्या सुट्टीत लेखी समज हातात पडली.

ती घेऊन बाई थेट त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलीय, असं डॉक्टर म्हणतात."

"वयाचं दुखणं ते, बाई. कामावर कशाला खापर फोडता?"

"वय आहेच, वजनही आहे. पण कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, तिच्यात जिवंत पेशी असतात. चालताना दाब येतो, सुटतो, त्यावर त्या पोसल्या जातात. ताण अति झाला, विसावा मिळेना, की त्याच पेशी आपली गादी पोखरणारे रस सोडतात. मग सांधा सुजतो, हाडाला हाड घासतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

बाई कडवट हसल्या. "कूर्चेत वेदना कळवणारे मज्जातंतूच नसतात, सर. दुखायला लागतं तोवर बरंच झिजून गेलेलं असतं. आणि आम्ही बोललो होतो. तुम्हीच कानाडोळा केलात!"

आपण ऐसपैस बसलोय आणि बाई टेबल धरून उभ्या आहेत, हे साहेबांना आत्ता दिसलं! ते गडबडून उठले.

"बसा, बाई. चुकलंच माझं. उद्याच खुर्च्या परत लावतो."

बाई सावकाश बसल्या. पर्समधून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज काढला आणि तिथेच सही केली.

"लावा. नव्या मुलींना उपयोग होईल."

खुर्च्या लागल्या. बाईंच्या जागी चोवीस वर्षांची शिक्षिका आली. बाई घरी जिना टाळून तळमजल्यावरच्या खोलीत झोपतात.

मंडळी, तुमच्या दुकानात, फाटकावर, यंत्रापुढे कोणीतरी दिवसभर उभं असेल. ते तक्रार करत नाही म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं समजू नका. झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. त्याला आजच बसायला सांगा!