सव्वीस नंबरचा चमचा

आमच्याकडे चहाला आलात आणि साखर ढवळायला चमचा मिळाला नाही, तर दोष मला देऊ नका. आमच्या ह्यांनी घरातले प्लॅस्टिकचे चमचे झाडून सगळे रंगवून टाकले आणि स्टीलच्या चमच्यांनी रंग ढवळले.

ह्यांनी पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या. ठोकलेल्या गाडीचा एकच दरवाजा रंगवायचा आणि बाकीच्या गाडीशी तो असा मिळवायचा, की कुठला नवा हे मालकालाही सांगता येऊ नये. रंग जुळवायची मशिनं आली, तरी गॅरेजवाला शेवटी ह्यांनाच हाक मारायचा. निवृत्त झाल्यावरही कुठे अडलं की फोन यायचा. मग स्वारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून निघायची. जाताना मला ऐकवायचे, "मशिनला डोळे नसतात म्हटलं!" ह्या माणसाला दुसऱ्या कशाचं म्हणून कौतुक नाही. माझ्या स्वयंपाकाचं तर नाहीच नाही. मिरवायची गोष्ट एकच, स्वतःची नजर.

माझे मोठे दीर पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. भाऊजींची पहिली गाडी वीतभर आकारात करून त्यांना द्यायची, असं ह्यांनी ठरवलं. ती गाडी म्हणजे ह्यांनी जन्मात रंगवलेली पहिली गाडी. हे तेव्हा शिकाऊ होते, कोणी सायकलसुद्धा ह्यांच्या हाती दिली नसती. भाऊजींनी आख्खी गाडी दिली आणि म्हणाले, "बिघडली तर बिघडलेलीच चालवीन." गाडी केव्हाच भंगारात गेली. फोटो उरला, तोही काळापांढरा. तिचा रंग होता सायीचा. पांढरा नव्हे, पिवळाही नव्हे, तापवलेल्या दुधावरच्या सायीचा. लग्न होऊन मी त्याच गाडीतून सासरी आले, तेव्हा मी तो विसरणं शक्य नाही.

प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेला खोका आला. ह्यांनी पहिल्याच दिवशी गॅरेजमधला रंग गॅरेजमधल्याच थिनरमध्ये कालवला आणि स्प्रेगनने दिला मारून. संध्याकाळपर्यंत गाडीचं छत उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं बसलं. पत्र्याला चालतो तो थिनर प्लॅस्टिकला खातो, हे कोणत्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. पण पस्तीस वर्षं पत्रा रंगवलेला माणूस शाळकरी पोराला विचारणार थोडाच! हात दाखवून अवलक्षण. मी हसले, तर दोन दिवस अबोला.

दुसरा खोका आणला आणि मग मात्र शहाणपण सुचलं. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर प्रयोग करायचा, जमला तरच गाडीवर. चमच्याला बाक असतो, म्हणून गाडीच्या बॉनेटवर उजेड जसा खेळेल तसा तो चमच्यावर खेळतो. आधी प्रायमर, मग रंगाचे तीन पातळ हात, वर चकाकीचा थर, आणि दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचं. रंग जाड बसला तर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात, फार घासला तर कडेला खालचं प्रायमर उघडं पडतं. प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर नंबर. चमचे वाळायला कुठे? माझ्या कपड्यांच्या दोरीवर, चिमट्यांना उलटे टांगून.

चमचा वाळला की तो घेऊन हे माझ्यासमोर उभे. मी भांडी घासत असो की फोनवर असो.

"बघ."

मी बघायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. मला गुळमुळीत बोलता येत नाही, आमच्या आईपासून सगळ्या तशाच. "हा चुन्यासारखा मेला आहे." "ह्याला चकाकी आहे, पण रंग दवाखान्याच्या भिंतीचा." हे चिडायचे. "रंगातलं तुला काय कळतं? चकाकीपुरतं बोल!" आणि पुढचा चमचा घेऊन पुन्हा माझ्याचसमोर.

अकरा नंबरचा चमचा बघितला आणि माझ्या हातातलं पातेलंच थांबलं. "अहो, हाच! देवाशपथ हाच!"

ह्यांनी तो खिडकीशी नेला, असा फिरवला, तसा फिरवला. "हा? कावीळ झाल्यासारखा पिवळा आहे हा."

"पिवळा कुठे? साय आहे नुसती!"

"तू साय तापव. रंग मी बघतो."

मग हे पांढरा वाढवत गेले, थेंब थेंब निळा टाकत गेले. पंधरा, अठरा, बावीस. मला प्रत्येक चमचा जास्तच निळसर दिसे आणि ह्यांना प्रत्येक चमचा अजून पिवळाच. मी भांडत होते. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणत होते.

अशात गॅरेजवाला एकदा बाजारात भेटला. बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. मागच्या महिन्यात त्यांनी जुळवलेला दरवाजा गिऱ्हाइकाने परत आणला. लांबूनसुद्धा वेगळा दिसत होता. मला त्यांच्या तोंडावर सांगवत नाही. मी आता फोन करणार नाही, एवढं समजून घ्या."

हट्ट नव्हता तो. ह्यांना दिसतच नव्हतं. ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ उभा होता, तीच गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. निदान मला तसं वाटलं.

दोन दिवसांनी सव्वीस नंबरचा चमचा घेऊन हे आले. पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर पांढरा. ह्यांचा चेहरा फुललेला.

"बघ."

मी बघितलं.

"नीट बघ. उजेडात ये."

वाढदिवस आठ दिवसांवर होता. म्हटलं, तो होऊन जाऊ दे, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. आता कशाला ह्यांचं मन मोडायचं?

"छान आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"म्हटलं ना छान आहे!"

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग आत जाऊन गाडी रंगवायला बसले. मी एवढ्यावर थांबले नाही. भाऊजींच्या घरी फोन केला आणि जाऊबाईंना बजावलं, "रंगावरून कोणी अवाक्षर काढायचं नाही."

वाढदिवसाला भाऊजींनी खोका उघडला. गाडी देखणीच झाली होती, खोटं कशाला बोलू. दारांच्या फटी केसाएवढ्या बारीक, चकाकी अशी की भाऊजींचं नाक तिच्यात दिसलं. पण रंग निळसर. भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगदी तीच रे! हुबेहूब!" जाऊबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. अभिनयात आमचं घराणं एवढं पुढे असेल असं मला वाटलं नव्हतं. हे घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

मग मी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकलाय, पिवळ्या काचेतून बघावं तसं दिसत असणार. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी भाऊजींनी भेटायला बोलावलं. मी टाळाटाळ केली, पण हे ऐकतात थोडेच.

गाडी त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात होती. ह्यांनी ती बाहेर काढून खिडकीत नेली. उजवा डोळा झाकून बघितली. मग डावा झाकून बघितली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"दादा, तुझी गाडी निळी होती?"

भाऊजी जमिनीकडे बघायला लागले. "ही मला आवडते रे," एवढंच म्हणाले.

हे माझ्याकडे वळले. "तुला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी म्हणाले. "नजरेवर केवढा जीव तुमचा. कशी सांगणार होते मी?"

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पण हे खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, मला शंका होती. वर्षभर होती. म्हणून तर प्रत्येक चमचा तुझ्यापुढे धरत होतो. माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, तुझ्या तोंडाचा होता. अकरा नंबरला तेवढा माझा हट्ट आडवा आला. तू भांडत होतीस तोवर मी रंग बदलत होतो. तू छान म्हणालीस, म्हणून गाडीला हात लावला."

भीड भिकेची बहीण म्हणतात. आयुष्यभर मी भीड ठेवली नाही, आणि ठेवली ती नेमकी तेव्हा. मला रडू आलं. "चुकलं माझं," मी म्हणाले. संसारात हे वाक्य मी आधी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

घरी जाताना रस्त्यात हे म्हणाले, "गॅरेजवाल्याचा फोन का येत नाही, ते ठाऊक आहे तुला?"

"आहे."

"सांग."

मी त्या दरवाज्याचं सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. हे खाली मान घालून ऐकत चालत होते. ऐकून झाल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "लांबूनसुद्धा दिसत होता?"

"लांबूनसुद्धा," मी म्हणाले.