पोयनाडच्या टीममधली पाचवी

"आधी वायरी उतरव निकेत, बॅगा मग," गाडीतून उतरलेला उंच माणूस म्हणाला, आणि मागच्या ओट्यावर बांगडे साफ करत बसलेल्या जागृतीचा हात थांबला.

माणूस ओळखीचा वाटत नव्हता. कानांवरचे केस पिकलेले, पोट सुटलेलं. पण आवाज ओळखीचा होता. तिने विळी आडवी केली, हात धुतले आणि पदराला पुसत अंगणात आली.

"सलिल?"

तो वळला. क्षणभर त्याला काही उमगलं नाही. मग त्याने हातातली वायरींची पिशवी गाडीच्या टपावर ठेवली. "जागृती? तू इथे काय करतेस?"

"माझंच घर हाय हे," ती हसून म्हणाली.

काशीदला सुरूच्या बनामागे तिच्या नवऱ्याच्या, प्रणयच्या, वडिलोपार्जित जागेत त्यांनी चार खोल्यांचा होमस्टे काढला होता. बुकिंग प्रणय बघायचा, स्वयंपाक ती. 'अलिबागकडचे तीन-चार मित्र येतायत, लॅपटॉप घेऊन, वऱ्हांडा रिकामा पाहिजे म्हणाले,' एवढंच प्रणयने तिला सांगितलं होतं. ऑफिसचं काही काम असेल, असं तिला वाटलं होतं.

"काम कसलं," निकेत म्हणाला. तो पोयनाडला तिच्या माहेरच्या घरामागेच राहायचा. दाढी वाढवली होती तरी तिने त्याला लगेच ओळखलं. "काउंटर खेळाला आलोय आम्ही. दर वर्षी येतो. गेल्या साली सलिलच्या दिवेआगरला होतो, त्याच्या आदल्या साली रेवसला, भिकूकडं. अल्पेशनी सांगितला न्हाय तुला?"

अल्पेश तिचा सख्खा मोठा भाऊ.

"बोलला असेल," जागृती म्हणाली. "माझ्याच ध्यानात राहिलं नसेल. चहा टाकते, बसा तुम्ही."

स्वयंपाकघरात येऊन तिने आधण ठेवलं आणि साखर घालायची विसरली. दर वर्षी. दिवाळीला, गौरीला, भाच्याच्या मुंजीएवढ्या थाटाच्या वाढदिवसाला, किती वेळा ती आणि दादा एका पंगतीला बसले होते. एकदाही हा विषय निघाला नव्हता.

अल्पेशने पोयनाडच्या नाक्यावर सायबर कॅफे काढला तेव्हा जागृती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. गावात तेव्हा मोबाईलवर फक्त बोलता यायचं. सकाळी पोरं निकाल बघायला, फॉर्म भरायला यायची. दुपारनंतर काउंटर स्ट्राइक सुरू व्हायचं. एका बाजूला पोलीस, एका बाजूला बॉम्ब ठेवणारे. पाच इकडे, पाच तिकडे. अल्पेश जेवायला गेला की जागृती गल्ल्यावर बसायची, आणि एक दिवस खेळायला एक जण कमी पडला म्हणून सलिलने तिला बोलावलं. सलिल दिवेआगरच्या वाडीवाल्या घरातला, शिकायला म्हणून पोयनाडला मावशीकडे राहिलेला. बंदूक चालवणं तिला फारसं जमलं नाही. पण कान लावणं जमलं. भिंतीपलीकडे कुणी पाऊल टाकलं की तिला दिशा कळायची. शिफ्टचं बटण दाबून ठेवलं की आपल्या पावलांचा आवाज होत नाही, हे कळल्यावर तर ती सावलीसारखी फिरायला लागली. काळोख्या बोगद्याच्या तोंडाशी लाकडी पेट्यांआड बसायची जागा तिचीच, असं सगळे धरूनच चालले. अल्पेश, सलिल, निकेत, भिकू आणि जागृती. लहानपणापासून अंग चोरून वावरलेली ही पोरगी तिथे मोठ्याने हसायला, ओरडायला लागली.

मग वाशीच्या एका कॉलेजात स्पर्धा निघाली. पाच जणांचं नाव गेलं. जायच्या आदल्या संध्याकाळी अल्पेश अंगणात तिच्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "बा नको बोलतो तुला पाठवाला."

तिने पुढे काही विचारलं नाही. बा, म्हणजे नामा म्हात्रे, ओटीवर बसून पायांच्या भेगांना तेल चोळत होता. आयुष्यभर मिठागरात उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय ते. रोज ती त्याच्याजवळ जाऊन बसायची. त्या संध्याकाळी बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या जागी उरणचं कुठलंसं पोर गेलं, आणि टीम पहिल्याच सामन्यात हरून आली.

भांडण तिने कधीच केलं नाही. बोलणं तेवढं आखडतं घेतलं. बाने काही विचारलं तर हो, नाही. तो खाडीतला जिताडा मासा घेऊन यायचा, तिला आवडतो म्हणून डोकं तिच्या ताटात घालायला सांगायचा. ती मुकाट्याने खायची आणि उठायची. दोन वर्षांनी लग्न झालं. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली, आत्याच्या गळ्यात पडून रडली, आणि बाच्या फक्त पाया पडली. तो हात पुढे करून उभा होता. ते तिने पाहिलं होतं. पाहूनच ती वाकली होती. पुढे मुलगी वर्षाची व्हायच्या आत बा काविळीने गेला. ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

चहा घेऊन ती वऱ्हांड्यात आली तेव्हा फाटकाशी अल्पेशची जीप उभी होती. आता त्याचे पेणला ट्रक होते. तो गाडीतून उतरत नव्हता. शेवटी उतरला.

"सलिलने मोबाईलवर जागा पाठवली," तो म्हणाला. "उघडून बघितली तवा समजला, तुझंच घर. पार रेवदंड्यापासून विचार करत आलो, येऊ का परत जाऊ."

"परत कशाला जाशील? जेवण तयार हाय."

"जागू..."

"चहा घे दादा. निवतोय."

दुपारी जेवणं झाली. भिकूला दिघीच्या बंदरातून रजा मिळाली नव्हती, म्हणून तिघेच बसले; त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची आणि लॅपटॉप तसाच राहिला. उरलेल्या जागा कॉम्प्युटरने आपल्या खेळाडूंनी भरल्या. वऱ्हांड्यातल्या टेबलावर वायरींचं जाळं झालं. जागृती आत भांडी घासत होती आणि तिच्या कानावर ते सगळे आवाज येत होते. दगडावरची पावलं. दार लोटल्याचा आवाज. बॉम्ब ठेवल्यावरची टिकटिक, हळूहळू वेग घेणारी. साबणाच्या हाताने ती उभी राहिली. डावीकडून येतोय, बोगद्यातून, असं तिच्या मनात आलं, आणि बाहेर निकेत ओरडला, "अरे बोगद्यातून आला."

संध्याकाळी प्रणय बाजारातून आला. तो थोडा वेळ कौतुकाने बघत उभा राहिला. "पण सलिलभाऊ, आता किती भारी भारी गेम आले. ह्यातली माणसं तर खोक्यांसारखी दिसतात. हाच का खेळता?"

निकेतने हसण्यावारी नेलं. सलिलने मात्र खुर्ची मागे सरकवली.

"हे बघ, मला नीट सांगता येणार नाही. पण नव्या गेममध्ये माणूस घरून सगळं आणतो. कुणी पैसे भरलेले, कुणी वर्षभर रात्रंदिवस खेळून काय काय जमवलेलं. इथे बाहेरचं काही आणता येत नाही. बसलास की तुलाही तेच पिस्तूल, मलाही तेच. चाळीस वर्षांचा साहेब असो नाहीतर ट्रकवाला." त्याने अल्पेशच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "आणि दुसरं म्हणजे ही जागा. वादळात आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. अण्णांनी, माझ्या वडिलांनी लावलेलं एक झाड राहिलं नाही. आता तिथे गेलो तर विहिरीवरून अंदाज घ्यावा लागतो, कुठे काय होतं त्याचा. पण इथे हे दार बघ. ही पेटी बघ. वीस वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आहे. डोळे मिटून जाईन मी."

प्रणय मान हलवत होता. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघत तो म्हणाला, "कळतं का काय तुला ह्यातलं?"

"तिला कळतं का?" सलिल म्हणाला. "अरे, आमच्या टीममधली पाचवी ती. तुला माहीत नाही?"

प्रणयला माहीत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने कधी सांगितलं नव्हतं. तो आश्चर्याने हसला आणि त्याने स्वतः भिकूची खुर्ची ओढून दिली. "बस ना मग. पोळ्या मी बघतो."

ती बसली. माऊसवर हात ठेवला तर बोटांना तो लहान लागला. पिवळ्या मातीची गल्ली, मोठा दुहेरी दरवाजा, उन्हातल्या भिंती. कॉम्प्युटरमधलं ऊनसुद्धा तेच होतं. ती बोगद्याकडे धावली आणि पहिल्याच वळणावर मेली.

"होतं तसं," निकेत म्हणाला.

दुसऱ्यांदा पावलं तिला बरोबर ऐकू आली. कुठून येणार, केव्हा येणार, सगळं कळलं. पण बोट उशिरा दाबलं गेलं. तिसऱ्यांदाही तसंच. कान राहिला होता, हात गेला होता. मात्र मेल्यावर काय होतं ते ती विसरली होती. मेलेल्याला जिवंत असलेल्या सोबत्याच्या डोळ्यांतून बघता येतं. ती अल्पेशच्या डोळ्यांतून बघत राहिली. तो तिच्याच जागी, पेट्यांआड, तिच्यासारखाच दबा धरून बसला होता. मग फेरी संपली आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी धडधाकट उभे राहिले. एवढं स्वस्त मरण आणि एवढं सोपं परत येणं; तिला वाटलं, माणसं ह्याच्यासाठीच तर खेळत नसतील?

चौथ्या फेरीला तिने एकाला टिपलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजून हसली आणि शिफ्ट दाबून सावकाश बोगद्यात शिरली.

"वाशीला तू पाहिजे होतीस," सलिल पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "त्या उरणच्या पोराला काही ऐकूच यायचं नाही. तुझे बाबासुद्धा स्टँडवर तेच म्हणत होते."

"कोण?"

"बाबा तुझे. आम्हाला सोडायला आले होते ना. वाटेत खायला म्हणून उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली. मला म्हणाले, जागू कशी न्हाय येत रे, रुसली काय? अल्पेश म्हणाला, तिचं पोट दुखतंय. मग ते म्हणाले, तिला बरं वाटलं की पुढल्या खेपेला घेऊन जा, पोर तिथे खुश असते."

निकेत खेळत होता. अल्पेशचे हात टेबलावर निश्चल पडले होते. बोगद्यात जागृतीचा खेळाडू काळोखात उभा होता. समोरून पावलं आली, तिला ऐकू आली, आणि तिने काहीही केलं नाही. पडदा लाल झाला.

"भात लावायचा राहिलाय," ती म्हणाली आणि उठली.

प्रणय पोळपाटाशी होता. तिचा चेहरा बघून तो लाटणं ठेवून बाहेर गेला. थोड्या वेळाने अल्पेश दारात येऊन उभा राहिला. ती तांदूळ धूत होती.

"तू बाला विचारलंच न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"का?"

तो चौकटीवरचा रंग नखाने खरवडू लागला. "नाक्यावर पोरं बोलायची, अल्प्या भयनीला पोरांत बसवतो. वाशीला तर रात्रीची वस्ती होती. मला लाज वाटली, जागू. आणि बाला विचारला असता तर तो जा बोलला असता. म्हणून विचारला न्हाय."

तांदळाचं पाणी पांढरं येत होतं. तिने ते ओतलं, पुन्हा पाणी घेतलं.

"मंग दर वर्षी तुला बोलवाचा विचार यायचा," तो म्हणाला. "पन सलिलच्या तोंडून कवातरी निघेल, ह्याची भीती वाटायची. बा गेल्यावर तर सांगाचा तरी काय?"

"मी बाशी बोलत न्हवते दादा. माहीत होतं तुला."

"व्हय. दिसायचा मला."

तिच्या ओठांवर काही आलं होतं, पण ते बोलून कुणाला काय मिळणार होतं? समोर उभा असलेला माणूसही पन्नाशीकडे झुकला होता, त्याचेही डोळे भरले होते, आणि तरी तिला त्याच्याजवळ जावंसं वाटेना. "पानं मांडायला सांग," ती म्हणाली. तो गेला.

गॅसवर भात चढवून तिने पोयनाडला फोन लावला. आई, कमळ, अजून पहाटे उठून ओटी सारवणारी, फोनवर मोठ्याने बोलायची.

"जेवलीस काय गो?"

"जेवतो आता. आये, एक विचारू? मी घरात असताना बा माझ्याबद्दल काय बोलायचा?"

"आता काय मधीच?"

"सांग ना."

"मला बोलायचा, पोरीचा मन कशात तरी लागून राहिलाय, तू विचार. मी बोलायची, तुमीच विचारा, तुमची लाडकी हाय. तर बोलायचा, मी विचारला आनि रडली तर?" पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "तुझा लगीन झाल्यावर दुपारचा मिठावरना आला का सायबरात जाऊन बसायचा. अल्पेशला कायम वाटायचा, बाला उकडतो, पंख्याखाली बसाला येतो. तुझ्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, बंद कॉम्प्युटरच्या म्होरं. मी एकदा विचारला, काय बघता तिथं? तर बोलला, काय न्हाय, जागू हितं हसायची."

जागृतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस काय गो?"

"ऐकतेय."

"मंग बोलत का न्हायस?"

"भात उतू जातोय आये," ती म्हणाली. "ठेवते."

तिने फोन ठेवला. पातेल्यावरचं झाकण सरकवून ती गॅस बारीक करत राहिली, अगदी बारीक, ज्योत विझायच्या बेताला येईपर्यंत. मग पाच ताटं खाली उतरवली, एकेक पुसली, आणि बाहेर घेऊन गेली.