एकेचाळीस फोटोंची बाई

नगरपालिकेच्या दप्तरखान्यातली धूळ इतकी जुनी होती, की सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिला नंबर तिचाच लागला असता. दुसरा दप्तरबाईंचा. बत्तीस वर्षं शिडी चढून-उतरून त्यांचे गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते. उरलेल्या बाईंना अजून तीन महिने होते.

या बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकच पराक्रम घडला होता. बावीस वर्षांपूर्वी गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद पडला आणि त्याची खोकी इथे आली. दप्तरखान्याचा नियम कडक होता. फोटोतल्या माणसाचं नाव किंवा काम ठाऊक असेल तर कपाट, नाहीतर तळघर. तळघरात ओल अशी, की तिथे ठेवलेला कागद वर्षभरात पुन्हा लगदा व्हायचा. पुरुषांच्या फोटोंमागे नाव, हुद्दा, काहींच्या तर कुत्र्याचंही नाव होतं. बायकांच्या फोटोंमागे नुसता स्टुडिओचा शिक्का.

दप्तरबाईंनी ते फोटो आठवडाभर चाळले आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकेचाळीस फोटोंत मनगटावर एकच घड्याळ आहे. पट्ट्याला दोरा गुंडाळलेलं. चेहराही तोच, भरल्या गालांचा, नितळ. सोळाव्या वर्षापासून केस पांढरे होईपर्यंत एकच बाई! त्यांनी कार्ड केलं, नावाच्या जागी लिहिलं 'घड्याळवाली बाई, सधन घराणे', आणि एकेचाळीस फोटो तळघरातून वाचवले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ते कात्रण अजून त्यांच्या खणात होतं.

आता नव्या साहेबांनी त्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. दारावर फलक लागला होता, 'एका स्त्रीचे आयुष्य'. उद्या अकराला उद्घाटन. चौकटी भिंतीवर चढल्या होत्या.

नेमकी तेव्हाच काठी टेकत एक म्हातारी आत आली.

"पोरी, स्टुडिओचे फोटो इथेच का गं?"

सत्तावन्नाव्या वर्षी 'पोरी' म्हटल्याचा राग कोण धरणार? "इथेच, मावशी. बसा. कुणाचा हवाय?"

"धाकट्या बहिणीचा. जन्मात एकच काढला होता. घरातला वाळवीनं खाल्ला."

बसायचं सोडून म्हातारी भिंतीशी गेली आणि खुदकन हसली. "अगं बाई! आमच्या घड्याळाची एवढी बडदास्त?"

"तुमच्या?"

"स्टुडिओच्या गं. बंदच होतं. मालक येईल तिच्या हातात बांधायचा, फोटोला शोभा येते म्हणून. पट्टा सैल व्हायचा, दोरा मीच गुंडाळायची."

दप्तरबाईंनी एकामागून एक चौकटींकडे बोट दाखवलं. "पण चेहरा तर एकच आहे ना?"

"तो तर माझीच करणी! फोटोच्या निगेटिव्हवर, काचेवर पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करायची नोकरी होती माझी. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं बुजवायचं. मालक म्हणायचा, बाई लोण्यासारखी दिसली पाहिजे. अकरा वर्षं लोणी थापलं मी."

दप्तरबाई मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. गप्प बसलं तर एकेचाळीस जणी भिंतीवर राहणार, पण भलतीच्याच नावावर. खरं सांगितलं तर पुन्हा बेनाव, आणि नियमाप्रमाणे थेट तळघरात. या म्हातारीची बहीणही. शिवाय निवृत्तीला तीन महिने उरले असताना आपल्याच हातानं आपलं नाक कापून घ्यायचं. त्यांना इतका थकवा आला, की तिथेच धुळीत आडवं व्हावंसं वाटलं.

"यातली धाकटी कुठली?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं भिंतीची दोन वेळा परिक्रमा केली. हसू मावळलं. "ओळखू येईना गं. तिच्या गालावर भाजल्याचा डाग होता. म्हणाली, ताई, माझा डाग राहू दे. मी म्हटलं, गप्प बस, तुला काय कळतंय? पुढच्या वर्षी ती गेलीच."

म्हातारी पुन्हा पहिल्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली.

"हात बघायचे का?" म्हातारी हळूच म्हणाली. "हातांवर पेन्सिल फिरवायला मालक वेळ द्यायचा नाही."

दप्तरबाईंनी भिंग काढलं. बावीस वर्षं त्यांनी मनगटं पाहिली होती, त्यांच्यापुढे एक वीतही नजर गेली नव्हती. साबणानं खाल्लेली बोटं. सुईनं चाळणी झालेलं टोक. एका तळव्याला दोराचे घट्टे, कुणाच्या नखात शाई. सधन घराण्यातला एकही हात नव्हता.

"ही!" सव्विसाव्या चौकटीशी म्हातारी थांबली. "पुस्तकं शिवायची ती. दाभण अंगठ्यातून आरपार गेला होता. बघ, नख दुभंगलंय."

नख दुभंगलेलं होतं.

दप्तरबाईंनी कोरी कार्डं काढली. कार्डावर 'काम' असा रकाना होता. बायकांच्या कार्डांवर तिथे त्या आजवर न चुकता आडवी रेघ मारत आल्या होत्या. म्हातारीनं सांगितलेलं नाव त्यांनी लिहिलं. खाली, काम : पुस्तकबांधणी. मग जुनं कार्ड घेऊन त्यावर लाल शाईत लिहिलं, 'नोंद चुकीची. चूक माझी', आणि सही केली.

एवढ्यात साहेब आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, उद्या पाहुणे येतायत! तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं ना, साहेब. तीच तर पंचाईत झाली."

"मग फलकाचं काय करू?"

"उतरवा. हातांवरून कामं ओळखून चाळीस कार्डं लिहायचीत मला. शिडी धरायला मात्र कुणीतरी द्या."

साहेब पुटपुटत गेले. फलक काढायला की वर तक्रार करायला, ते त्यांनाच ठाऊक.

दप्तरबाई म्हातारीकडे वळल्या. "मावशी, बहिणीच्या फोटोची प्रत काढून देते. मोठी हवी का?"

म्हातारीनं चौकटीतल्या दुभंगलेल्या नखावर बोट टेकवलं. "चेहरा नको. तो मीच काढलेला आहे. हातांची तेवढी दे."

दप्तरबाईंनी चौकट उतरवली, मागचे खिळे एकेक करून सोडवले, आणि फोटोचा वरचा भाग कोऱ्या कागदानं झाकून घेतला.